कुंडीतील माती आणि तिच्यातील किडी

घराला अंगण असण्याचे दिवस शहरांतून जवळजवळ सरले आहेत. तथापि हिरवाईची हौस काही सरलेली नाही. सदनिकेच्या चार हात गॅलरीत, खिडकीच्या गजांबाहेरील कट्ट्यावर, गच्चीच्या कोपऱ्यात कुंड्यांची रांग हटकून दिसते. तीत तुळस असते, गवती चहा व कढीपत्ता असतो, एखादे मोगऱ्याचे किंवा जास्वंदीचे झाड असते, आणि अलीकडे टोमॅटो, मिरची, पालक यांचीही भर पडली आहे. बाजारात सहज मिळणाऱ्या वस्तू घरी पिकविण्यात पैशांची बचत फारशी होत नाही. परंतु आपण लावलेल्या रोपाला आलेले पहिले फूल घरातील सर्वांना बोलावून दाखविण्यात जो आनंद असतो, त्याचा हिशेब पैशांत होत नाही.

असे हे झाड एके दिवशी अकारण मलूल होते. पानांवर कीड दिसत नाही, डाग दिसत नाहीत. पाणी वेळेवर घातलेले असते. तरीही शेंडे माना टाकतात, खालची पाने पिवळी पडतात आणि झाडाची वाढ खुंटते. पानांवरची कीड डोळ्यांना दिसते म्हणून तिचा बंदोबस्त लवकर होतो. मातीतील कीड मात्र नजरेआड आपले काम करीत असते, आणि तिची वर्दी झाडाच्या शेंड्याकडून मिळते तेव्हा पुष्कळसा उशीर झालेला असतो. अशा वेळी घरोघर दोनच गोष्टी घडतात: एक तर पाणी वाढविले जाते, नाही तर ‘औषध’ आणले जाते. पुष्कळदा ही दोन्ही पावले चुकीची ठरतात.

एक अनुभव

प्रस्तुत लेखकाने ही चूक स्वतः केलेली आहे. ती सांगण्यात संकोच वाटतो. परंतु तिच्यातून जे शिकता आले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहिला असल्याने ती टाळता येत नाही.

२०१७ सालच्या श्रावणात आमच्या घरच्या तुळशीने माना टाकल्या. खुरप्याने माती उकरली, तेव्हा इंग्रजी ‘सी’ अक्षराप्रमाणे वळलेल्या तीन-चार पांढऱ्या, जाड अळ्या बाहेर आल्या. हुमणीविषयीच्या प्रसिद्धिपत्रकांचे मसुदे हाताखालून गेलेले होते. त्यामुळे निदान झाले असे मी मानले आणि त्याच सायंकाळी एका दुकानातून फोरेट नावाचे दाणेदार कीटकनाशक आणून मातीत मिसळले. ते कागदाच्या पुडीत सुटे बांधून दिलेले होते; पुडीवर ना नाव, ना सूचना.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी शेजारचे एक निवृत्त कृषी अधिकारी घरी आले असता हा पराक्रम मी त्यांना मोठ्या उत्साहाने सांगितला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो झाडाविषयी नव्हता. “आज सकाळी आईंनी तुळशीची पाने खुडली होती का?” असे त्यांनी विचारले. आईने पाने खुडली होती. नेहमीप्रमाणे तीर्थात घातली होती, आणि सर्दी झालेल्या नातीला दोन पाने मधात चुरडून दिली होती.

फोरेट मुळांवाटे शोषले जाऊन झाडाच्या अंगात भिनते व पानापानांत पोहोचते, हे मला त्या वेळी प्रथम समजले. मुलीला तातडीने डॉक्टरांकडे नेले. एका रात्रीत पानांत विष चढण्याइतका अवधी बहुधा मिळाला नसावा. तिला काहीही अपाय झाला नाही. मात्र ती रात्र घरात कोणी झोपले नाही.

पुढे शेजाऱ्यांनी त्या कुंडीची रीतसर तपासणी केली. मी डब्यात ठेवलेली एक अळी त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवली. ती पाठीवर उलटी झाली आणि पाय वर करून पाठीनेच सरकू लागली. “ही हुमणी नव्हे. ही कुजलेले शेणखत खाणारी अळी. झाडाशी हिचे भांडण नाही,” ते म्हणाले. नंतर हातमोजे घालून त्यांनी कुंडी उपडी केली. तळाचे भोक मातीने बुजलेले होते. खालच्या मातीला कुबट वास येत होता व मुळे तपकिरी होऊन बोटांत चुरडत होती. तुळस पाण्यात गुदमरून मेली होती. आजार निराळा, आरोप अळीवर आणि शिक्षा मात्र घरातील माणसांना, असा हा प्रकार होता.

आधी ओळख, मग उपाय आणि उपायांत विष सर्वांत शेवटी, हे सूत्र त्या कुंडीने शिकविले. त्याचाच विस्तार पुढे केला आहे.

माती ही एक वस्ती

कुंडीतील माती ही निर्जीव भर नव्हे. खत, पालापाचोळा व ओलावा जेथे आहे तेथे जीवजंतू वस्ती करणारच. त्यांतील बहुतेकांचे काम कुजलेले पदार्थ खाऊन त्यांचे खत बनविणे हे असते. गांडुळाचे उपकार सर्वांना ठाऊक आहेत. परंतु पाणी घालताच मातीवर टुणटुण उडणारे एक-दोन मिलिमीटर लांबीचे पांढरट वा करडे जीव पाहून अनेक जण घाबरतात. त्यांस स्प्रिंगटेल असे म्हणतात. त्यांच्या पोटाखाली दुमडलेली एक लहानशी काठी असते. ती सोडताच तो जीव स्प्रिंगप्रमाणे उडतो. तो बुरशी व कुजके अवशेष खातो आणि झाडास सहसा त्रास देत नाही. पावसाळ्यात दिसणारा, स्पर्श होताच पैशाप्रमाणे वेटोळे करणारा वाणी हाही मुख्यतः पालापाचोळ्यावर जगतो. त्याची संख्या फार वाढली तरच कोवळ्या रोपांना उपद्रव पोहोचतो.

तेव्हा मातीत काही हालताना दिसले म्हणजे कीड लागली, असे नव्हे. या वस्तीत थोडेच उपद्रवी असतात. त्यांना ओळखून वेगळे काढणे हेच खरे काम होय.

तपासणीची रीत

मलूल झाडाची तपासणी पुढील क्रमाने करावी.

प्रथम माती पाहावी. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालावे. माती चिखलासारखी ओली असूनही झाड सुकलेले असेल, तर मुळे काम करीत नाहीत असे समजावे. मुळे कुजली असतील किंवा ती कोणी खाल्ली असतील. माती कोरडी ठणठणीत असेल, तर आधी पाणी घालून एक रात्र वाट पाहावी.

नंतर तळाचे भोक पाहावे. ते बुजले असल्यास काडीने मोकळे करावे. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचून राहिले असेल, तर ते ओतून द्यावे.

यानेही उलगडा झाला नाही, तर मुळे पाहणे अटळ आहे. आदल्या दिवशी थोडे पाणी घालून माती किंचित ओलसर ठेवावी. एका हाताच्या बोटांत खोड धरून कुंडी उपडी करावी व काठावर हलकेच ठोकावी. मातीचा गोळा अखंड निघतो. निरोगी मुळे पांढरी वा फिकट रंगाची व चिवट असतात. तपकिरी, मऊ व साल सुटलेली मुळे कुजण्याचे लक्षण होत. तुटक, कुरतडलेली मुळे किडीचे लक्षण होय. गोळा जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला म्हणजे अळ्या, पिठूळ ठिपके किंवा गाठी स्पष्ट दिसतात. हे काम थंड वेळी, सावलीत व झटपट उरकावे.

लहान अळ्यांसाठी एक सोपी युक्ती आहे. बटाट्याची जाड चकती मातीवर दाबून ठेवावी आणि दोन-तीन दिवसांनी उचलून तिची खालची बाजू पाहावी. चिलटांच्या अळ्या असल्यास त्या तेथे गोळा झालेल्या आढळतात.

आता प्रमुख उपद्रवी किडींचा परिचय करून घेऊ.

काळी चिलटे

कुंडीला हात लावताच मातीवरून उठून डोळ्यांसमोर घुटमळणारी, दोन ते चार मिलिमीटर लांबीची, लांब पायांची काळसर चिलटे पावसाळ्यात घरोघरी दिसतात. केळ्यावर बसणारी चिलटे निराळी आणि ही निराळी. ही चिलटे स्वतः झाडाला काही करीत नाहीत. तथापि त्यांची मादी ओलसर, सेंद्रिय द्रव्याने समृद्ध अशा मातीच्या वरच्या थरात शंभराहून अधिक अंडी घालू शकते. अंड्यांतून निघणारी अळी पारदर्शक पांढरी, बिनपायांची असून तिचे डोके काळे चकचकीत असते. हीच तिची खूण. ती मुख्यतः बुरशी व कुजके पदार्थ खाते. परंतु संख्या वाढली म्हणजे कोवळ्या तंतुमुळांवर उतरते आणि मूळकुजीचा प्रसारही करते. मोठ्या झाडाला याचा उपद्रव जाणवत नाही. नुकतीच उगवलेली रोपे व लावलेली कलमे मात्र दगावतात. अंड्यापासून चिलटापर्यंतचे चक्र उबदार हवेत सुमारे तीन ते चार आठवड्यांत पूर्ण होते.

या किडीचे मूळ कारण एकच, ते म्हणजे सतत ओली राहणारी माती. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, अधिक प्रमाणात असलेली माती वरून कोरडी भासली तरी आतून ओली असते. म्हणून पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये मातीचा वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर कोरडा होऊ देणे हाच पहिला व सर्वांत परिणामकारक उपाय होय. कोरड्या थरात अंडी व अळ्या जगत नाहीत. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल किंवा ग्रीस लावून तो मातीलगत ठेवल्यास चिलटे त्याला चिकटतात व पुढील अंडी टळतात. उपद्रव फार असेल, तर बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस या जिवाणूपासून केलेले द्रव्य उपयोगी पडते. हा जिवाणू १९७६ साली इस्रायलमधील नेगेव्ह वाळवंटात सापडला. आपल्याकडे तो मुख्यतः डासांच्या अळ्यांविरुद्ध वापरला जातो. डास आणि ही चिलटे एकाच कीटकगणातील असल्यामुळे तो दोहोंवर चालतो.

हुमणी आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या अळ्या

हुमणी ही महाराष्ट्रातील उसाची व भुईमुगाची जुनी वैरीण होय. वळवाचा पहिला दमदार पाऊस पडला म्हणजे मे-जूनमध्ये तिचे तपकिरी भुंगेरे सायंकाळी जमिनीतून बाहेर पडतात, कडुनिंब व बाभूळ यांच्या पानांवर जमतात आणि मिलनानंतर मादी जमिनीत अंडी घालते. पुढे पावसाळाभर अळी मुळे खाते. तिचे अंग पांढरट, डोके तपकिरी असते व तिला पायांच्या तीन जोड्या असतात. जमिनीवरील किंवा झाडांजवळच्या गच्चीवरील कुंड्यांत ती क्वचित शिरते. पण एकदा शिरली की लहान कुंडीतील मुळे फस्त करावयास दोन-तीन अळ्या पुरतात. असे झाड हाताने ओढले असता सहज उपटून येते.

तथापि कुंडीत सापडणाऱ्या पांढऱ्या वळलेल्या अळ्यांपैकी पुष्कळशा कच्च्या शेणखतातून आलेल्या असतात. फुलांवर बसणाऱ्या काही भुंगेऱ्यांच्या अळ्या केवळ कुजलेला पदार्थ खातात. त्यांना सपाट पृष्ठभागावर ठेवले की त्या पाठीवर होऊन चालतात. हुमणी तसे करीत नाही. दुसरी अळी गेंड्या भुंग्याची. ती पूर्ण वाढली म्हणजे माणसाच्या बोटाएवढी जाड होते. तीही शेणखतातच वाढते. परंतु तिच्यापासून होणारा भुंगा नारळाचा कोंब पोखरतो, म्हणून कोकणपट्टीत तिला जीवदान देणे परवडणारे नाही. पाठीवर चालणाऱ्या अळ्या वेचून खताच्या ढिगात सोडाव्यात; इतर अळ्या वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. कुंडी ही एकरभर शेत नव्हे. तिच्यातील चार अळ्या हाताने वेचणे हे कोणत्याही रसायनापेक्षा जलद व खात्रीचे काम आहे.

मुळांवरील पिठ्या ढेकूण

पानांवरचा पिठ्या ढेकूण परिचित आहे. त्याचे काही भाईबंद मुळांवर राहतात. निवडुंग, अडेनियम यांसारख्या कोरड्या मातीत वाढणाऱ्या व वर्षानुवर्षे कुंडी न बदललेल्या झाडांत ते विशेष आढळतात. झाड मरत नाही आणि वाढतही नाही. कुंडी उपडी केली म्हणजे मुळांवर व कुंडीच्या आतील भिंतीवर पांढरी, कापसासारखी पूड दिसते. ही बुरशी असावी असा समज होतो. परंतु काडीने ती पूड दूर केली असता आत एक-दोन मिलिमीटरचे मऊ, लांबट कीटक सापडतात. कुंडीत मुंग्यांची ये-जा असेल तर संशय अधिक बळावतो, कारण या कीटकांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्यांची राखण करतात.

उपाय कष्टाचा पण सरळ आहे. सर्व माती झटकून मुळे वाहत्या पाण्याखाली धुवावीत, खराब मुळे छाटावीत, कुंडी उकळत्या पाण्याने धुऊन घ्यावी व झाड नव्या मातीत लावावे. जुनी माती दुसऱ्या कुंडीत घालू नये. काही आठवडे ते झाड इतरांपासून वेगळे ठेवावे.

रात्री खाणारी अळी, वाळवी व मुंग्या

सायंकाळी उभी असलेली मिरचीची वा टोमॅटोची रोपे सकाळी जमिनीलगत कापून पडलेली दिसली, तर ते बहुधा रोपे कुरतडणाऱ्या अळीचे काम समजावे. ही मातकट रंगाची, गुळगुळीत अळी दिवसा रोपाजवळच मातीत दडून असते. सकाळी पडलेल्या रोपाभोवतीची माती उकरावी किंवा रात्री विजेरी घेऊन पाहावे, ती सापडतेच. रोपाच्या बुडाशी पुठ्ठ्याची नळी दोन-तीन सेंटिमीटर खोल रोवल्यास रोप सुरक्षित राहते.

वाळवी मुख्यतः मृत लाकडावर व सुकलेल्या मुळांवर येते. जमिनीवर टेकलेल्या कुंडीत, आधारासाठी रोवलेल्या काठीतून तिचा प्रवेश होतो. कुंडी विटांवर वा घडवंचीवर ठेवणे, सुकी काठी व मेलेली मुळे काढणे, आणि कच्चा काथ्या किंवा लाकडाचा भुसा मातीत न घालणे एवढ्याने तिचा मार्ग बंद होतो.

मुंग्यांचे वारूळ कुंडीत झाले, तर माती फार दिवस कोरडी राहिली असा त्याचा अर्थ घ्यावा. कुंडी बादलीत काठापर्यंत पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावी व नंतर पूर्ण निथळू द्यावी. मुंग्या अंडी घेऊन स्थलांतर करतात.

कीटक नव्हे, पण दुर्लक्षही नको

टोमॅटो, वांगी व तुळस यांच्या मुळांवर कधी कधी मण्यांसारख्या गाठी आढळतात. हे काम सूत्रकृमींचे. ते कीटक नव्हेत व साध्या डोळ्यांना दिसतही नाहीत. द्विदल झाडांच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या नत्र साठविणाऱ्या उपकारक जिवाणूंच्या होत. भेद ओळखणे सोपे आहे. उपकारक गाठ मुळाच्या बाजूला चिकटलेली असते, नखाने सहज सुटते व फोडली असता बहुधा आत गुलाबी दिसते. सूत्रकृमींची गाठ म्हणजे मुळाचीच सूज असल्यामुळे ती सुटत नाही. असे झाड काढून टाकावे, माती उन्हात तापवावी व पुढील हंगामात त्या कुंडीत झेंडू लावावा. झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमींची संख्या घटते.

प्रतिबंधाची तीन साधने

पहिले साधन पाणी. रोज ठरावीक वेळी तांब्याभर पाणी घालण्याची सवय श्रद्धेची असेल, पण झाडाच्या गरजेशी तिचा संबंध नसतो. उन्हाळ्यात जे पाणी पुरत नाही तेच श्रावणात अति होते. मातीला बोट लावून मगच पाणी घालावे. मातीच्या कुंडीच्या भिंतींतून ओल उडून जाते. प्लॅस्टिकच्या कुंडीतून जात नाही, म्हणून तिला पाणी कमी लागते.

दुसरे साधन खत. पूर्ण कुजलेले शेणखत काळसर, भुसभुशीत असते व त्याला शेणाचा वास येत नाही. असे खतही चाळणीने चाळून घ्यावे. अळ्या व कोष चाळणीवरच राहतात.

तिसरे साधन ऊन. महाराष्ट्रातील चैत्र-वैशाखाच्या उन्हासारखे निर्जंतुक करणारे साधन विकत मिळणार नाही. जुनी माती ओलसर करून पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदाखाली पातळ पसरावी, कडा दगडांनी दाबाव्यात व चार ते सहा आठवडे तशीच राहू द्यावी. कागद पारदर्शक हवा, काळा नको. पारदर्शक कागदातून ऊन आत शिरते व उष्णता कोंडून माती अधिक तापते. किडींची अंडी, कोष, सूत्रकृमी व तणांचे बी यांपैकी पुष्कळसे यात नष्ट होतात.

कडुनिंब आणि हिरवी बुरशी

याउपर गरज पडली, तर प्रथम कडुनिंबाकडे वळावे. १९६२ साली दिल्ली येथे टोळधाडीच्या वेळी डॉ. एस. प्रधान यांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकांवर फवारून पाहिले असता टोळांनी ती पिके खाण्याचे टाळले. तेव्हापासून या परिचित वृक्षाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष अधिक वेधले गेले. कुंड्यांसाठी कुटलेल्या निंबोळ्यांची ५० ग्रॅम पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, फडक्याने गाळून, चिमूटभर साबण मिसळून मातीत ओतावी. कुंडी भरतानाच मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळणे त्याहून सोयीचे.

हुमणीवर मेटॅरायझियम या बुरशीचा उपयोग होतो. १८७९ साली ओडेसा येथे मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने गव्हावरील एका भुंगेऱ्याविरुद्ध ती वापरून पाहिली होती. कीड बुरशीने मेली की तिच्या अंगावर हिरवी पूड चढते. ही बुरशी ओलाव्यात काम करते व तिला काही दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी परिणाम शोधू नये. तिच्याबरोबर बुरशीनाशक घालू नये, हे सांगावयास नकोच.

तंबाखूचे पाणी, रॉकेल, फिनेल, मीठ असे उपाय ऐकीव माहितीवरून केले जातात. तंबाखूतील निकोटीन हे स्वतःच तीव्र विष आहे आणि उरलेले पदार्थ किडीआधी मुळांना जाळतात. घरगुती म्हणजे निर्विष, असे समजू नये.

विषाविषयी दोन शब्द

ज्या फोरेटचा उल्लेख वर आला, त्याचे उत्पादन, विक्री व वापर केंद्र शासनाच्या २०१८ च्या आदेशान्वये ३१ डिसेंबर २०२० पासून देशभर बंद झाला आहे. मातीतील किडींवर एके काळी सर्रास सुचविली जाणारी बी.एच.सी. पूड १९९७ पासून बंद आहे. परंतु जुन्या बागकामाच्या पुस्तकांत ही नावे तशीच छापलेली आहेत आणि घरातील माळ्यावर एखादी जुनी पुडीही असू शकते. तिचा मोह धरू नये.

कायदेशीर कीटकनाशकाच्या वेष्टनावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अत्यंत विषारी, पिवळा म्हणजे अति विषारी, निळा म्हणजे मध्यम आणि हिरवा म्हणजे त्याहून सौम्य. हिरवा रंगही अभयपत्र नव्हे. सुटी बांधून दिलेली पुडी कधीही स्वीकारू नये. ज्या झाडाचे पान, फूल वा फळ कोणाच्याही तोंडात जाणार आहे, त्याच्या कुंडीत लाल व पिवळ्या त्रिकोणाचे द्रव्य घालूच नये. चुकून घातले गेले असेल, तर त्या झाडाचे काहीही खाऊ नये व घरातील सर्वांना तसे तत्काळ सांगावे. विषबाधेची शंका येताच वेष्टनासह डॉक्टरांकडे जावे.

आमच्या घरी ती घटना घडली त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्यू पावले. त्यांच्यापुढे पीक वाचविण्याचा, पोटाचा प्रश्न होता. गॅलरीतील माणसापुढे असा कोणताही प्रश्न नसतो. एक झाड गेले तर दुसरे लावता येते. असे असता विषाला हात घालण्याचे आपल्याला कारणच काय?

आमच्या गॅलरीत आज नवी तुळस आहे. कुंडी नवी आहे व तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवलेला आहे. आई पाणी घालण्यापूर्वी मातीला बोट लावून पाहते, आणि मी मातीत काही मिसळले तर ते आधी तिला सांगतो. गेल्या पावसाळ्यात माती उकरताना पुन्हा दोन पांढऱ्या अळ्या निघाल्या. नातीने त्या वर्तमानपत्रावर ठेवल्या आणि आम्ही सगळे वाकून पाहू लागलो. दोन्ही पाठीवर चालू लागल्या. तिने त्या उचलून खताच्या डब्यात सोडल्या आणि तुळशीची दोन पाने खुडून तोंडात टाकली.